एक नाद, तीन मुळे

वाचन : मत्तय ७:१५-२३, याकोब २:१४-१७



कोलकात्याच्या बेकरीत 'पाउरुटी' मागितली, तर हाती आपला पावच पडतो. कणीक पायांनी, बंगालीत 'पा'ने, तुडवितात म्हणून हे नाव पडले, अशी लोकसमजूत आहे. ती खरी नव्हे. 'पाउ' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला व तेथे त्याचा अर्थ भाकर असाच आहे.

आपल्या मराठीत तर 'पाव' ह्या एका नादाची मुळे तीन आहेत. खाण्याचा पाव पोर्तुगीज. पावशेरातील पाव संस्कृत 'पाद', म्हणजे चौथा हिस्सा, ह्यापासून. आणि "देवा, मला पाव" ह्या विनवणीतील पाव 'प्राप्' धातूपासून. बंगालीत हीच तीन कुळे पाउ, पोया आणि पाओ अशी निरनिराळी राहिली.

ह्याच कोलकात्यात, फोर्ट विल्यम कॉलेजात, विल्यम कॅरी व वैजनाथ पंडित ह्यांनी मराठीची सेवा केली. १८११ साली जवळच्या सेरामपूरहून मराठी नवा करार छापून निघाला. शास्त्राच्या भाषांतरकाराने प्रथम शिकावयाचे ते हेच, की नादावर भिस्त ठेवू नये. शब्दाचे शेजारी कोण, तो वाक्यात चालतो कसा, हे पाहावे. 'पावाला' आणि 'पावला' ह्यांत एका कान्याचेच अंतर. पण एक भाकरीचे रूप, दुसरे कृपेचे.

वाचकहो, 'प्रभू' हा शब्दही असाच नाही काय? एकाच मंदिरात, एकाच बाकावर दोघे तो उच्चारतात. एकाचा शब्द आज्ञापालनातून उगवलेला असतो, दुसऱ्याचा केवळ सवयीतून. कानाला भेद कळत नाही. म्हणूनच प्रभू येशूने उच्चार पारखावयास सांगितले नाही. झाड फळावरून ओळखा, असे सांगितले.

याकोबही तेच विचारतो. उपाशी भावाला गोड शब्दांनी निरोप दिला, पण अन्न दिले नाही, तर त्या विश्वासात जीव कोठला? दाराशी आलेल्या भुकेल्याला आपण सहज म्हणतो, "देव पावेल." त्या वाक्याचा अर्थ आपल्या हाताने पुढे काय केले, ह्यावर ठरतो. आपल्या भाकरीतला पाव हिस्सा जरी त्याच्या हाती गेला, तरी आपला शब्द कोणत्या मुळाचा आहे, हे त्याला व्युत्पत्ती न विचारता कळेल.