नेम

मराठीतल्या 'नेम' या शब्दाने आपल्या दोन अक्षरांत तीन वेगळी बिऱ्हाडे सुखाने नांदवली आहेत. डोळा बारीक करून कैरीवर आपण जो धरतो तो नेम. आजी पहाटे न चुकता तुळशीला पाणी घालायची तोही नेम. आणि मृग कोरडा जाऊ लागला की बांद्याच्या बाजारात जो तो 'यंदा पावसाचो काय नेम नाय' म्हणतो, तिथे नेम म्हणजे खात्री, आणि तीही बहुधा नसलेलीच. एकच शब्द लक्ष्याला, नित्यतेला आणि निश्चितीला कसा पुरला, याचा उलगडा व्युत्पत्तीकार करतील. मला मात्र या तीन बिऱ्हाडांमधली सामाईक पडवी एका मुलाने दाखवली, आणि तीही मी त्याला नाकारल्यानंतर पुष्कळ वर्षांनी.

तेव्हा मी तेरेखोल नदीच्या खोऱ्यातल्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. खेळाचे सर रजेवर गेले आणि जिल्हा स्पर्धेसाठी बास्केटबॉलचा संघ निवडण्याची वही माझ्या हाती आली. मैदान म्हणजे जांभ्याच्या मातीची एक चौकोनी जागा, तिच्या टोकाला लोखंडी खांब, त्यावर लाकडी फळा आणि जाळी केव्हाच झडून गेलेली रिंग. ऑगस्टचे दिवस होते. ओली लाल माती चेंडूला चिकटे आणि चेंडू फळ्यावर आपटला की तिथे गोल ठसा उमटे. फळ्याला लागून आत गेलेल्या आणि फळ्याला लागून बाहेर आलेल्या चेंडूंचे ठसे अगदी सारखे दिसत. संघात गार्डची, म्हणजे चेंडू खेळवत पुढे नेणाऱ्याची, एक जागा उरली होती आणि मुले होती दोन. पंधरा फुटांवरच्या रेषेवरून प्रत्येकी दहा फ्री थ्रो, असा सोपा न्याय मी ठरवला. पहिल्याने आठ टाकले. दुसऱ्याचे चेंडू रिंगेभोवती रेंगाळत राहिले; शेवटी शेवटी पावसाची सर आली, वहीवर थेंब पडू लागले आणि मी वही मिटली. आठ आणि चार. इतक्या स्वच्छ फरकापुढे विचार करायचा तो काय? पहिला मुलगा जिल्हा स्पर्धेला ओरोसला गेला आणि तिथल्या सामन्यात त्याचा एकही चेंडू रिंगेत गेला नाही. मी ते नशिबावर ढकलले. मराठीच्या मास्तराला नशीब हा शब्द फार सोयीचा असतो.

गणित मात्र इतके सोयीचे नसते. दहातले सहा चेंडू टाकण्याची ज्याची खरी तयारी आहे अशा मुलाला रोज दहा-दहा चेंडू टाकायला लावले, तर साधारण सहातल्या एका दिवशी तो आठ किंवा अधिक टाकेल आणि साधारण सहातल्या एका दिवशी चार किंवा त्याहून कमी. म्हणजे माझ्या वहीतले दोन मुलगे हे एकाच मुलाचे दोन दिवस असू शकले असते. माणूस पाहिला असे समजून आपण किती वेळा त्याचा एक दिवसच पाहून परततो!

हे मला कुणी शिकवले, तर अमेरिकेतल्या भाच्याने. तिथे दर जूनमध्ये ड्राफ्ट नावाचा सोहळा होतो. महाविद्यालयांतून आलेले विशीच्या आतबाहेरचे खेळाडू एनबीएचे व्यावसायिक संघ पाळीपाळीने उचलतात. आपल्याकडच्या कबड्डीच्या किंवा क्रिकेटच्या लिलावात बोली वाढत जाते, तिथे पाळी येते आणि जाते, एवढाच फरक. न्यूयॉर्कला रात्रीचे आठ वाजतात तेव्हा बांद्यात पहाटेचे साडेपाच. 23 जून 2017 ला भाच्याने फोन करून मला उठवले. कौलांवर पाऊस कोसळत होता आणि तो पोटतिडकीने सांगत होता, मामा, लॉन्झो बॉल दुसऱ्या क्रमांकावर गेला, पण याच्या शूटिंगची मला धास्ती वाटते. मी अर्धवट झोपेत विचारले, का रे, टाकत नाही का तो? तो म्हणाला, टाकतो ना, तीच तर पंचाईत आहे.

पंचाईत कसली ते त्याने नंतर उलगडून सांगितले, आणि आकड्यांशी माझे कधी फारसे जमले नसतानाही ते आकडे माझ्या मनात घर करून राहिले. स्टीफन करी डेव्हिडसन महाविद्यालयात तीन वर्षे खेळला. तिथे त्याने तीन गुणांच्या 1004 फेकी केल्या आणि 414 आत घातल्या: शंभरातल्या 41.2. लॉन्झो बॉल यूसीएलएत एकच वर्ष खेळला. 194 फेकी, त्यातल्या 80 आत: पुन्हा 41.2. दशांशापर्यंत जुळी भावंडे! पण फ्री थ्रोच्या रेषेवर, जिथे कुणी अंगावर येत नाही, अंतर बदलत नाही, फक्त तुम्ही, चेंडू, पंधरा फूट आणि हजारो लोकांचा रोखलेला श्वास असतो, तिथे करीचे शंभरात 87.6 आणि बॉलचे 67.3. व्यावसायिक मैदानावर तीन गुणांची रेषा मागे सरकून 23 फूट 9 इंचांवर जाते. पहिल्याच वर्षी बॉलच्या दूरच्या फेकी शंभरात 30.5 वर आल्या आणि फ्री थ्रो 45.1 वर. पुढे त्याने चेंडू टाकण्याची अख्खी ढब मोडून नव्याने बसवली, आणि ती त्याला बऱ्यापैकी लाभली हेही सांगायला हवे. करीचे काय झाले ते जगाला ठाऊक आहे. पण 2009 च्या ड्राफ्टमध्ये तो सातवा होता आणि त्याच्या आधीच्या दोन पाळ्यांत मिनेसोटाने ओळीने दोन गार्ड उचलले होते, दोन्ही वेळा दुसरेच कुणी.

हे ऐकताना मला आठवला तो आमच्याकडे आंब्याच्या बागा कराराने घेणारा एक म्हातारा व्यापारी. पौष-माघात कलमे मोहरली की धनी मोहर दाखवून भाव सांगतो, आणि व्यापाऱ्याला त्या सुगंधी धुक्यातून मे महिन्यातल्या पेट्या मोजायच्या असतात. हापूसच्या एकेका मोहरात शेकड्यांनी फुले असतात आणि टिकून राहणारी फळे बोटांवर मोजण्याइतकी. मध्ये तुडतुडे आहेत, भुरी आहे, अवकाळी पाऊस आहे. हा म्हातारा बागेत शिरला की मोहराकडे बघतच नसे. फांदी वाकवून तो पान हातात घेई, अंगठ्याने चोळी, दुमडून ते कसे मोडते ते बघे. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाला, "मोहर सगळ्यांकाच दिसता, मास्तर. माका पाला बघूक होयो." आणि थोडे पुढे जाऊन, "कल्टारान आणलेलो मोहर दिसता बरो, पण झाड आतसून दमलेला असता."

दूरवरून सुटलेली, प्रेक्षकांना उभे करणारी फेक हा मोहर. आणि ज्याच्यासाठी कुणी तिकीट काढत नाही तो फ्री थ्रो हा पाला. चांगल्या संघात, चांगल्या साथीदारांनी मोकळ्या करून दिलेल्या जागेवरून घातलेल्या बास्केटांत थोडे कल्टारही, म्हणजे झाडाकडून मोहर ओढून घेणारे ते औषधही, असतेच. ड्राफ्टची पारख करणारे जाणते लोक तरुण गार्डच्या फ्री थ्रोकडे इतक्या आस्थेने का पाहतात, त्याचे उत्तर म्हाताऱ्याच्या अंगठ्याखाली होते. फ्री थ्रोत प्रसंग गळून पडतो आणि सवय तेवढी उरते. तिथे शब्दाचा दुसरा अर्थ पहिल्याला आधार देतो, नेम नेमाने येतो.

इथे थांबता आले असते तर निबंध सुबक झाला असता. पण 2017 च्या त्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला तो मार्केल फुल्ट्झ. दूरच्या फेकी शंभरात 41.3, फ्री थ्रो 64.9, पाला बघणाऱ्याला इथेही शंका यावी. परंतु जे घडले ते कोणत्याच शंकेच्या मापाचे नव्हते. काही महिन्यांत या मुलाचा हात चेंडू टाकण्याचेच विसरला. रेषेवर उभा राहून चेंडू डोक्यावर नेताना मध्येच त्याला अडखळायला होई, एखाद्या वाक्यात तोतरेपणा यावा तसे. लोक हसले, कुणी मनाचा रोग म्हणाले. डिसेंबर 2018 मध्ये निदान बाहेर आले ते गळा आणि खांदा यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेत मज्जातंतू किंवा रक्तवाहिन्या दाबल्या जाण्याच्या विकाराचे. त्या चलचित्रफिती मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आणि प्रत्येक वेळी मला भजनातला एखादा मुरलेला मृदंगी आठवला, ज्याची बोटे एके दिवशी ओळखीच्या बोलावर अडतात. कौशल्य आपण अंगी बाणले म्हणतो खरे. पण ज्या अंगी ते बाणायचे, ते अंग तरी कुठे सर्वस्वी आपल्या मालकीचे असते?

उलट दिशेचेही दाखले आहेत. क्वाय लेनर्ड गार्ड नव्हे, पण महाविद्यालयात त्याच्या दूरच्या फेकी चारात एक एवढ्याच बसत. 2011 मध्ये तो पंधरावा उचलला गेला, सॅन अँटोनियोच्या एका धीराच्या शूटिंग-शिक्षकाच्या हाताखाली गेला आणि पहिल्याच हंगामात शंभरात 37 च्या पुढे पोहोचला. त्याचे फ्री थ्रो आधीही चारात जवळजवळ तीन होते, म्हणजे पाला हिरवा होता, असे मागाहून म्हणता येते. मागाहून काय, आम्ही मास्तर लोक दहावीच्या निकालानंतर सगळ्यांचेच भविष्य वर्तवतो.

चार्ल्स स्टाइन या संख्याशास्त्रज्ञाने 1956 मध्ये एक चमत्कारिक गोष्ट सिद्ध केली, आणि पुढे ब्रॅडली एफ्रन आणि कार्ल मॉरिस यांनी 1970 च्या हंगामातल्या अठरा बेसबॉलपटूंच्या पहिल्या पंचेचाळीस पाळ्या घेऊन ती ताडून दाखवली. थोड्या पुराव्यावरून अनेकांची पारख करायची असेल, तर प्रत्येकाचा आकडा सर्वांच्या सरासरीकडे थोडा ओढून घ्यावा. जो फार वर दिसतो त्याला जरा खाली, जो फार खाली त्याला जरा वर. एकंदर अंदाज त्याने अधिक खरा ठरतो. गणिताला करुणा ठाऊक नसते, तरी हा नियम वाचताना मला एखाद्या समंजस थोरल्या काकीची आठवण झाली. घरात कुणाचे फार कौतुक होऊ न देणारी, आणि कुणाला फार बोल लागू न देणारी. ती त्या ऑगस्टमध्ये मैदानाच्या कडेला असती, तर आठाचे सात आणि चाराचे पाच करून म्हणाली असती, दोघांनाही आणखी महिनाभर खेळू द्या.

द्रोणाचार्यांची ती परीक्षा आपण लहानपणापासून ऐकतो. झाडावरच्या कृत्रिम पक्ष्याचा वेध घ्यायचा होता आणि एकेका शिष्याला आचार्य विचारत गेले, तुला काय दिसते? कथेतला एक बारकावा माझ्या फार उशिरा ध्यानात आला. अर्जुनाखेरीज कुणालाही त्यांनी बाण सोडूच दिला नाही. झाड दिसते, आपण दिसता, भाऊ दिसतात असे उत्तर येताच ते म्हणत, हो बाजूला. म्हणजे त्यांनी फेक पाहिली नाही, दृष्टी पाहिली; त्या म्हाताऱ्यासारखाच त्यांचाही अंगठा पानावर होता. परंतु बाजूला झालेल्या त्या कुमारांपैकी कुणाचा बाण त्या दिवशी लागला असता का, हे व्यासांनाही सांगता आलेले नाही. आणि अंगठ्याची आठवण निघाली की एकलव्यही येतोच: ज्याची थोरवी पारख्याला पुरती कळली होती, आणि कळली होती म्हणूनच ज्याचा अंगठा मागितला गेला.

निवडलेल्याची परीक्षा होते, ती रोज होते आणि सर्वांसमक्ष होते. न निवडलेल्याची होत नाही. पारख्याच्या चुकांपैकी निम्म्या चुका अशा कायमच्या निनावी राहतात. भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद 443 धावा केल्या. ब्रॅडमनच्या 452 च्या विक्रमाला नऊ धावा उरल्या असताना समोरचा संघ सामना सोडून निघून गेला आणि कसोटीचे बोलावणे त्यांना कधीच आले नाही. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत 589 बळी घेतले. कसोटी एकही नाही. अमोल मुझुमदार रणजीच्या पदार्पणातच 260 करून गेला, अकरा हजारांवर धावा जमवल्या, भारताची टोपी मिळाली नाही. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक उचलला तेव्हा तो त्यांचा प्रशिक्षक म्हणून मैदानावर होता. या तिघांच्या बाबतीत निदान धावा आणि बळी साक्षीला उभे आहेत. ज्याच्या मागे एका भिजलेल्या वहीतला 'चार' एवढाच आकडा आहे, त्याची साक्ष कोण काढणार?

गेल्या वैशाखात बांद्याच्या बाजारात एक टेम्पो माझ्याशेजारी थांबला आणि चाळिशीचा एक गृहस्थ उतरून वाकून नमस्कार करता झाला. मला चेहरा लागेना. त्याने शाळेचे नाव, वर्ष आणि मग मैदान सांगितले तेव्हा लागला. घरचा काजूचा लहानसा कारखाना आहे. काजूच्या चिकाने त्याच्या उजव्या हाताची बोटे काळवंडली होती, विशेषतः तर्जनी आणि मधले, चेंडू ज्या बोटांवरून शेवटी सुटतो ती. ओसरीवर मुलीसाठी रिंग बसवली आहे म्हणाला; रोज संध्याकाळी पन्नास, एक दिवस चुकवू देत नाही. मी ओशाळून म्हटले, त्या दिवशी तुझे चारच पडले होते रे, नाहीतर...

"पाच, सर," तो म्हणाला. "शेवटचो रिंगेर फिरान आत पडलो. तवसर तुमी वही मिटलात."