तलवार, सुरी आणि शिकवण

एकाच पोलादातून आईच्या हातातली सुरी होते आणि शिपायाच्या कमरेची तलवारही होते. मग बरेवाईट असते कोठे? पोलादात, घडविणाऱ्याच्या हातात, की वापरणाऱ्याच्या अंतःकरणात? हा प्रश्न फार जुना आहे. परंतु जपानातील सेकी या गावाचा इतिहास पाहिला म्हणजे तो नव्याने आपल्यापुढे उभा राहतो.

सेकी हे गाव जपानच्या मुख्य बेटावर, गिफू प्रांतात आहे. सुमारे सातशे वर्षांपूर्वी तलवारी घडविणारे लोहार येथे येऊन वसले. चांगली माती, भट्टीला लागणारा कोळसा आणि नागारा नदीच्या परिसरातील मुबलक पाणी, या तीन गोष्टी त्यांना येथे मिळाल्या. पुढे जपानात सरदार-सरदारांत दीर्घकाळ लढाया चालल्या, तेव्हा सेकीच्या भट्ट्या क्वचितच विझल्या असतील. सोळाव्या शतकातील मागोरोकू कानेमोतो या लोहाराचे नाव तर आजही आदराने घेतले जाते. त्याच्या पात्यावर धारेलगत देवदाराच्या रांगेसारखी नक्षी उमटलेली दिसे.

आज सेकीला जाणारा प्रवासी तेथील तलवारींचे संग्रहालय पाहतो. ठराविक दिवशी तेथे घडणावळीचे प्रात्यक्षिकही असते. पांढऱ्या पोशाखातील लोहार तापून लाल झालेले पोलाद ऐरणीवर ठेवतो आणि त्याचे साथीदार आळीपाळीने घण घालतात. पोलाद ठोकून लांब करावयाचे, त्याची घडी घालावयाची व पुन्हा ठोकावयाचे, असे अनेक वेळा चालते. दहा घड्या झाल्या की एका पात्यात हजाराहून अधिक थर होतात. मग पात्याच्या पाठीवर मातीचा जाड लेप व धारेवर पातळ लेप देऊन ते पुन्हा तापवितात आणि एकदम पाण्यात बुडवितात. धार चटकन थंड होऊन कठीण होते. पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते. पोलादात कोठे दोष राहिला असेल, तर या पाण्यातच पाते तडकते आणि कित्येक दिवसांची मेहनत वाया जाते. इतका धीर, इतकी निष्ठा व इतके सौंदर्य! आणि हे सारे मुळात कशासाठी? मनुष्याचे शरीर कापण्यासाठी. पाहणाऱ्याच्या मनात कौतुक आणि अस्वस्थता एकाच वेळी उभी राहावी, असेच हे दृश्य आहे.

१८७६ साली जपानी सरकारने हुकूम काढला की, सैनिक, पोलीस व समारंभाच्या पोशाखातील अधिकारी यांखेरीज कोणीही कमरेला तलवार लावू नये. सेकीच्या लोहारांचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले. तेव्हा त्याच हातांनी स्वयंपाकाच्या सुऱ्या, कात्र्या, खिशातले चाकू आणि वस्तरे घडविण्यास आरंभ केला. पाती बनविणारी काई ही मोठी कंपनी १९०८ साली याच गावात सुरू झाली. आज जर्मनीतील झोलिंगन व इंग्लंडातील शेफील्ड यांच्या जोडीने सेकीचे नाव जगभर घेतात.

हे वाचताना यशया संदेष्ट्याचा दुसरा अध्याय कोणाला आठवणार नाही? तलवारींचे फाळ आणि भाल्यांचे कोयते होतील, असे तेथे म्हटले आहे. संदेष्ट्याचे शब्द एका लोहारांच्या गावात खरे झाले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु गोष्ट तेथे संपत नाही. साठ-सत्तर वर्षांच्या आत जपान पुन्हा युद्धाच्या मार्गाला लागला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सेकी हे लष्करी तलवारी बनविण्याचे एक प्रमुख केंद्र झाले. सुरी घडविणारा हात पुन्हा तलवारीकडे वळला. पवित्र शास्त्रालाही हे ठाऊक आहे. योएलाच्या तिसऱ्या अध्यायात नेमकी उलट आज्ञा आहे: फाळ ठोकून तलवारी करा. लोखंड दोन्ही दिशांनी जाऊ शकते.

हत्यार काढून घेतल्याने शांती येत नाही, हे जपानच्या इतिहासात त्यापूर्वीही दिसले होते. १५८८ साली हिदेयोशी या सत्ताधीशाने शेतकऱ्यांच्या तलवारी जमा करून घेतल्या आणि क्योतो येथील बुद्धाच्या महामूर्तीच्या कामासाठी त्यांचे खिळे करू, असे जाहीर केले. केवढा पवित्र हेतू! परंतु १५९२ साली त्यानेच कोरियावर सैन्य पाठविले, आणि १५९७ साली नागासाकी येथे सव्वीस ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढविले. तलवारी गेल्या, पण ज्या मनाला तलवार हवी असते ते मन जागच्या जागी राहिले.

१९४५ नंतर विजेत्या सैन्याने जपानातील तलवारी जप्त केल्या व त्या घडविण्यास बंदी केली. काही वर्षांनी कलावस्तू म्हणून पुन्हा परवानगी मिळाली. आता परवान्यासाठी निदान पाच वर्षे गुरूजवळ उमेदवारी करावी लागते आणि एका लोहाराला महिन्याला दोनच लांब तलवारी घडविता येतात. तलवार आता काचेच्या पेटीत विसावली आहे. परंतु पेटीतली तलवार कायमची निरुपद्रवी झाली, असे आपण म्हणावे काय? गल्याथाची तलवारही अशीच नोब येथील याजकाजवळ, वस्त्रात गुंडाळून, पवित्र स्थानी ठेवलेली होती. दाविदावर संकट आले तेव्हा त्याने तीच मागून घेतली. जपून ठेवलेले शस्त्र भीतीच्या दिवशी पुन्हा हाती येते.

मग यशयाच्या वचनात असे काय आहे, जे सरकारी हुकुमात नाही? बंधुभगिनींनो, त्या वचनातील क्रम पाहा. प्रथम लोक परमेश्वराच्या डोंगराकडे जातात, त्याचे मार्ग शिकतात आणि त्याचा न्याय मान्य करतात. त्यानंतर ते आपल्या तलवारी ठोकतात. कोणी त्या हिसकावून घेत नाही. ज्याची तलवार तोच तिचा फाळ करतो. आणि शेवटी, ते युद्धकला शिकण्याचे सोडून देतात. आरंभी शिकणे आहे आणि शेवटीही शिकण्याचाच विषय आहे. ऐरण मध्ये आहे. सेकीला ऐरण मिळाली, हुकूम मिळाला. ज्या राष्ट्राच्या हातात ती पाती जावयाची होती, त्याला मात्र दुसरेच शिक्षण मिळत होते.

म्हणून हा प्रश्न लोहारापेक्षा शिक्षकाला अधिक लागू आहे. आपल्या रविवारच्या शाळेत दावीद व गल्याथ यांचे नाटुकले बसवावयाचे म्हटले की, पुठ्ठ्याच्या तलवारीसाठी मुलांची झुंबड उडते. नाटुकले जरूर बसवावे. परंतु त्याच दाविदाने गुहेत शौल हाती सापडला असता त्याला मारले नाही, फक्त त्याच्या झग्याचा काठ कापला, हा धडा आपण तितक्याच उत्साहाने शिकवितो काय? तेथेही दाविदाच्या हातात धारदार पातेच होते. त्याने ते कोठे थांबविले, हे मुलांना समजले पाहिजे.

आपल्या घरी तलवार नाही. विळी आहे, सुरी आहे. तलवारीहून तीक्ष्ण अशी जीभही आहे. भाऊबंदकीच्या वादात, मंडळीच्या सभेत, शेजाऱ्याशी बोलताना तिची धार कोणीकडे वळते, हे मुले रोज पाहतात. तेही शिक्षणच आहे, आणि ते आठवड्याचे सातही दिवस चालते. या रविवारी वर्गात उभे राहण्यापूर्वी प्रत्येक शिक्षकाने व प्रत्येक आईबापाने स्वतःस एवढे विचारावे: माझ्याजवळून हे मूल काय शिकत आहे?