कर्तृत्व, स्वामित्व आणि वाचक

मराठी पुस्तकाच्या प्रारंभीच्या पानावर 'सर्व हक्क स्वाधीन' अशी नोंद बहुधा असते. समीक्षा तिच्याकडे पाहत नाही. संहिता तिच्यानंतर सुरू होते, असे ती गृहीत धरते. परंतु 'सर्व' म्हणजे कोणते हक्क आणि ते कोणाच्या 'स्वाधीन', हे प्रश्न केवळ विधिशास्त्राचे नाहीत. साहित्यकृती कोणाची असते, ह्या साहित्यशास्त्रीय प्रश्नाचेच ते व्यावहारिक रूप होय.

येथे कर्तृत्व आणि स्वामित्व ह्यांत भेद करणे आवश्यक ठरते. 'तुका म्हणे' ही नाममुद्रा कर्तृत्व सांगते, स्वामित्व सांगत नाही. अभंग वहीत उतरवून घेणाऱ्याने कोणाची अनुमती घ्यावी, ही कल्पनाच त्या परंपरेत संभवत नाही. स्वामित्वाचा विचार मुद्रणव्यवसायाबरोबर आला. इंग्लंडमध्ये १७१० साली अमलात आलेल्या कायद्याने नव्या ग्रंथांना १४ वर्षांचा, आणि लेखक हयात असल्यास आणखी १४ वर्षांचा हक्क दिला. १७७४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने चिरंतन हक्काचा दावा नाकारला. म्हणजे हा हक्क जन्मतःच मुदतीचा आहे.

ह्या हक्काचे समर्थन बहुधा लॉकच्या श्रमसिद्धांताने केले जाते: ज्याचे श्रम, त्याचे फळ. मात्र इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले शिल्लक राहावे, अशी अटही लॉकने घातली होती. शिवाय लेखक ज्या भूमीवर श्रम करतो, ती भाषा, छंद आणि रूढ प्रतिमा ह्यांची भूमी सामायिक असते. तेव्हा लेखकाला फळ मिळावे हे न्याय्य. भूमीला कायमचे कुंपण पडावे हे नव्हे.

हे कुंपण कसे सरकते, ह्याचे भारतीय उदाहरण उद्बोधक आहे. १९५७च्या अधिनियमाने लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची मुदत ठरवली होती. रवींद्रनाथ ठाकुरांचे निधन १९४१ सालचे. त्यांचे साहित्य १९९१च्या अखेरीस मुक्त होणार होते. १९९२च्या दुरुस्तीने मुदत ६० वर्षे झाली आणि विश्वभारतीचा हक्क २००१पर्यंत लांबला. योगायोग असा की, मृत्यूनंतर ६० वर्षांचा प्रस्ताव १८४१ साली ब्रिटिश संसदेत आला असता मेकॉलेने त्याला कसून विरोध केला होता. लेखकाला मोबदला देण्यासाठी वाचकांवर बसवलेला हा कर आहे, मुदत वाढवल्याने कर वाढतो, लेखकाचे उत्तेजन मात्र वाढत नाही, हा त्याचा युक्तिवाद. दिवंगत कवीला लेखनास प्रवृत्त करणे कोणत्याच कायद्याला शक्य नाही.

ह्यावर गंभीर आक्षेप असा की, मुक्ततेबरोबर विपर्यासही येईल. परंतु विपर्यासाला हरकत घेण्याचा अधिकार कलम ५७ने स्वतंत्रपणे दिला आहे. स्वामित्व विकल्यानंतरही तो लेखकाकडेच राहतो. कर्तृत्वाच्या रक्षणासाठी स्वामित्व लांबवण्याचे कारण उरत नाही. दुसरा आक्षेप लेखकाच्या उपजीविकेचा. तो खरा आहे. पण हयात लेखकाला योग्य मानधन मिळणे हा त्याचा उपाय, वारसांची मुदतवाढ नव्हे.

लोकहिताची बाजू न्यायालयात कशी उभी राहते, हे दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रतींच्या खटल्यात दिसले. २०१२ साली तीन आंतरराष्ट्रीय प्रकाशनसंस्थांनी दावा केला. विद्यार्थ्यांची आणि अध्यापक-अभ्यासकांची संघटना त्यात स्वतःहून पक्षकार झाल्या. सप्टेंबर २०१६मध्ये दावा फेटाळताना न्यायालयाने प्रताधिकार हा नैसर्गिक हक्क मानला नाही. डिसेंबरमध्ये खंडपीठाने अध्यापनाच्या प्रयोजनाला आवश्यक तेवढी प्रत हा निकष मान्य केला आणि काही मुद्दे पुन्हा सुनावणीस पाठवले. २०१७ साली प्रकाशकांनी दावा मागे घेतला. ह्या वादात वाचक हा ग्राहक म्हणून नव्हे, तर ज्ञानव्यवहाराचा घटक म्हणून उभा राहिला.

मराठीपुरता हा प्रश्न अधिक निकडीचा आहे, कारण येथे अनेक ग्रंथ बंदी नसतानाही केवळ पुनर्मुद्रणाअभावी अप्राप्य होतात. बा. सी. मर्ढेकर १९५६ साली वारले. जुन्या मुदतीने त्यांची कविता २००६च्या अखेरीस मुक्त झाली असती. ती २०१६च्या अखेरीस झाली. ह्या दहा वर्षांनी कवीला काही दिले नाही. वाचकाकडून मात्र ती घेतली गेली, आणि त्याचे मत कोणी विचारले नाही.