शेजाऱ्याच्या धर्माविषयी आपली साक्ष



काही दिवसांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील कॉलेजात शिकणारी एक मुलगी मिस्सानंतर आम्हाला भेटायला आली. तिच्या हातात जगातील धर्मांची ओळख करून देणारी एक लहानशी पुस्तिका होती. त्यातले ख्रिस्ती लोकांवरील पान तिने उघडून दाखवले. कॅथलिक लोक पवित्र मरियेला देवी मानून तिची पूजा करतात आणि फादरला पैसे देऊन पापाची क्षमा मिळवतात, असे त्या पानावर छापले होते. मुलगी रडवेली झाली होती. "फादर, माझ्या मैत्रिणींनी हे वाचलं आहे. त्यांना मी काय सांगू?"

आम्हाला राग आला. लिहिणाऱ्याने एखाद्या चर्चमध्ये पाऊल टाकून, एखाद्या ख्रिस्ती माणसाला दोन प्रश्न विचारले असते तर काय बिघडले असते? न विचारता लिहिणे ही खोटी साक्षच आहे, असे आम्ही त्या मुलीला सांगितले.

त्याच आठवड्यात मिशनच्या बंगल्यातील पंखा बंद पडला. तो दुरुस्त करायला नेहमीचे मिस्त्री आले. ते आपल्याच गावचे, मुस्लिम समाजातले. काम झाल्यावर चहा घेता घेता ते हळूच म्हणाले, "फादर, एक गोष्ट विचारू का? राग नोका मानू. तुमी पोट्ट्यायले सांगतलं का, का आमी कबरीची पूजा करतो?"

आम्हाला आठवले. धर्मशिक्षण वर्गात एका मुलाने विचारले होते, "फादर, आपल्या गावाच्या नावात पीर कशाला?" आम्ही घाईत होतो. सेमिनरीत कधीतरी वाचलेल्या एका पुस्तकातले वाक्य आम्ही त्याच्यापुढे टाकले आणि पुढच्या धड्याकडे वळलो. तो मुलगा आणि मिस्त्रींचा मुलगा एकाच शाळेत जातात. वाक्य त्यांच्या घरी पोहोचले होते.

मिस्त्री रागावले नव्हते. त्यांनी आम्हाला समजावले की दादा हयात कलंदरांच्या दर्ग्यावर ते चादर चढवतात, फातेहा वाचतात, पण दुवा मागतात ती अल्लाकडे. दर्ग्यावर जावे की नाही यावर त्यांच्या समाजातच दोन मते आहेत, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. मग ते हसून म्हणाले, "तुमी मरियमच्या पुतळ्यापुढे मेणबत्ती लावता. आमी कोणाले सांगतलं का, का फादर पुतळ्याले पूजते म्हणून?"

आम्ही निरुत्तर झालो. त्या पुस्तिकेच्या लेखकावर आम्ही जो आरोप ठेवला होता, तो आमच्यावरही लागू होता. फरक एवढाच की त्याने छापले आणि आम्ही बोललो.

प्रिय बंधू-भगिनींनो, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आठवी आज्ञा आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. तिचा संबंध आपण कोर्टकचेरीशी किंवा गावातल्या चुगल्यांशी जोडतो. पण एखाद्या समाजाची श्रद्धा, त्याचे सण, त्याचे घरातले वागणे यांविषयी आपण बोलतो किंवा लिहितो, तेव्हाही आपण साक्षीदाराच्या जागी उभे असतो. आणि ज्याच्याविषयी बोलतो तो बहुधा तिथे हजर नसतो. मग अशी साक्ष खरी कशी द्यावी? आपल्या मराठी भाषेत या कामाचे काही चांगले नमुने आहेत. त्यांतले दोन तर ख्रिस्ती माणसांनी लिहिलेले आहेत.

पहिला नमुना फादर थॉमस स्टीफन्स यांचा. हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत इथेच राहिले. ते लोकांची भाषा शिकले. त्यांनी लिहिलेले कोंकणीचे व्याकरण त्यांच्या मागे १६४० साली छापले गेले. १६१६ साली रायतूर येथे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ११ हजार मराठी ओव्या आहेत. परदेशी माणसाने इथल्या पुराणाचा घाट आणि ओवीचा छंद इतका आत्मसात केला, ही गोष्ट चार शतकांनंतरही नवल वाटावी अशी आहे.

परंतु खरी साक्ष द्यायची तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या साष्टी प्रांतात हे पुराण छापले गेले, तिथली देवळे पोर्तुगीज सत्तेने १५६७ साली पाडली व जाळली होती. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना त्यांची जुनी पुराणे वाचायची बंदी होती. त्या रिकाम्या झालेल्या जागेत हे नवे पुराण आले. फादर स्टीफन्स यांच्या भाषाप्रेमाचा आपल्याला अभिमान वाटतो, तो वाटावाच. पण तो अभिमान सांगताना १५६७ साल गाळले, तर आपण अर्धीच साक्ष दिली असे होईल.

दुसरा नमुना पंडिता रमाबाईंचा. त्यांनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी मराठीत 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक प्रसिद्ध केले. तिथली राज्यपद्धती, घरे, शिक्षण, धर्मपंथ, धर्मादाय संस्था, स्त्रियांची स्थिती असे सगळे त्यात आहे. त्या काळी साहेबाने आपल्याकडे यावे आणि आपल्याविषयी लिहावे, असाच रिवाज होता. इथे एका मराठी विधवेने साहेबांच्या समाजाचे वर्णन आपल्या लोकांसाठी केले.

रमाबाईंना अमेरिका आवडली. तिथल्या स्त्रियांची एकजूट आणि शिक्षण यांचे त्यांनी मनापासून कौतुक केले. पण ख्रिस्ती म्हणवणाऱ्या त्या समाजाने काळ्या लोकांना कसे वागवले आणि तिथल्या मूळ रहिवाशांवर काय अन्याय केला, हेही त्यांनी लिहिले. आपले नवे धर्मबंधू म्हणून त्यांनी झाकपाक केली नाही. त्याआधी १८८७ साली इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांविषयी कडक शब्द वापरले होते. म्हणजे माप एकच होते, आपल्यांना आणि परक्यांना. टीका केली म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. दोन मापे वापरली की ती खोटी ठरते. ज्या मापाने आपण मोजतो त्याच मापाने आपल्याला मोजले जाईल, हे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहेच.

तिसरा नमुना इरावती कर्वे यांच्या 'वाटचाल' या लेखाचा. बाई मोठ्या समाजशास्त्रज्ञ होत्या. त्या वारकऱ्यांबरोबर पंढरपूरला पायी चालत गेल्या. दिवसभर एकाच देवाचे नाव घेत चालणाऱ्या त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा यांच्या जेवणाच्या पंगती वेगळ्या बसत. बाईंना ते सहन होईना. नुसती नोंद करून त्या थांबल्या नाहीत. त्या दुसऱ्या पंगतीत जाऊन जेवल्या. दोष लिहिणारी व्यक्ती त्या लोकांबरोबर चालली होती, त्यांच्या प्रेमाने भारावली होती आणि तो दोष आपल्याच जातीचा आहे हे तिला ठाऊक होते. म्हणून तो लेख वाचताना कुणाची निंदा वाचल्यासारखे वाटत नाही.

हे वाचताना आमच्या मनात एक प्रश्न आला, तो आपल्यापुढेही ठेवतो. आपल्या चर्चच्या सणाच्या जेवणात कोण कोणाच्या शेजारी बसतो, आणि सोयरीक जुळवताना आपण आडून आडून काय विचारतो, हे उद्या बाहेरच्या एखाद्याने लिहिले, तर ते खोटे असेल काय?

कोणी म्हणेल, "फादर, दुसऱ्याच्या धर्माचे एवढे नीट सांगायचे, तर आपल्या श्रद्धेचे काय? सगळे सारखेच म्हणायचे का?" तसे नाही. संत थॉमस अक्वायनस यांची पद्धत पाहा. त्यांच्या महाग्रंथात प्रत्येक प्रश्नाची सुरुवात विरुद्ध बाजूच्या मुद्द्यांनी होते. आधी तिचे म्हणणे पूर्ण मांडायचे आणि मग आपले उत्तर द्यायचे. इब्न सिना आणि इब्न रश्द या मुस्लिम तत्त्वज्ञांचे ग्रंथ त्यांनी आदराने वाचले, जिथे पटले तिथे घेतले, जिथे पटले नाही तिथे कारणे देऊन नाकारले. त्यामुळे त्यांची श्रद्धा पातळ झाली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली ख्रिस्तेतर धर्मांवरील आपल्या घोषणापत्रात सांगितले की त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. आपली श्रद्धा भक्कम दिसावी म्हणून शेजाऱ्याची श्रद्धा वाकडी करून दाखवायची आपल्याला गरज नाही.

आपण मंगरूळपीरला राहतो. इथे कलंदरांचा दर्गा आहे आणि बिरबलनाथ महाराजांचे संस्थानही आहे. पलीकडे कारंज्याला जैनांची जुनी मंदिरे आणि नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आहे. मानोऱ्याकडे बंजारा समाजाची पोहरादेवी आहे. पुस्तके जरूर वाचावीत. पण इतकी माणसे हाकेच्या अंतरावर असताना केवळ पुस्तकावर विसंबून राहायला आपल्याला सबब नाही. वाचावे, आणि ज्यांच्याविषयी वाचले त्यांना विचारावे, "हे तुमच्याविषयी लिहिले आहे, बरोबर आहे का?" प्रभू येशू शोमरोनी स्त्रीशी धर्माविषयी बोलला, पण त्याआधी विहिरीवर त्याने तिच्याकडे पाणी मागितले.

पुढच्या रविवारी धर्मशिक्षण वर्गात आम्ही त्या मुलाला उभे केले आणि सर्वांसमोर सांगितले की फादरने तुला दिलेले उत्तर चुकीचे होते. मग मिस्त्रींनी समजावले ते जसेच्या तसे सांगितले. मुलाने विचारले, "फादर, तुम्हाला हे कोणी सांगितलं?" आम्ही मिस्त्रींचे नाव घेतले. त्या कॉलेजातल्या मुलीलाही आम्ही सुचवले आहे की तिने आपल्या मैत्रिणींना एखाद्या रविवारी मिस्साला घेऊन यावे आणि मनात येईल ते विचारू द्यावे. त्या येतील तेव्हा त्यांच्या शेजारी बसायला आपण सरकून जागा द्यावी, ही विनंती.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू