खिन्न मनाचे औषध घेणे हा अविश्वास काय?

आपल्या मंडळ्यांत कधी कधी असा प्रश्न निघतो की, ज्याचे मन आठवडेच्या आठवडे खिन्न राहाते, अन्न गोड लागत नाही व जीव नकोसा होतो, अशा विश्वासणाऱ्याने डॉक्टराची गोळी घ्यावी, की केवळ प्रार्थनेवर अवलंबून राहावे?

एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्यास धिक्कारिले नाही. दूताने त्यास भाकर व पाणी दिले, पुन्हा निजू दिले. बोध मागाहून झाला. लूक तर वैद्यच होता. तेव्हा शरीराच्या द्वारे मनास साहाय्य करणे देवाच्या रीतीस सोडून नाही.

या औषधांचा शोध फार जुना नव्हे. स्वित्झर्लंडातील डॉक्टर रोलांड कून यांनी १९५७ साली इमिप्रामीन या औषधाचा गुण प्रसिद्ध केला; पुढे इतर औषधे निघाली. दुखणे भारी असेल तेथे त्यांचा उपयोग विशेष होतो. हलके असेल तेथे जाणत्याशी बोलण्यानेही पुष्कळांस उतार पडतो. गुण दिसण्यास बहुधा २ ते ६ आठवडे लागतात.

परंतु धोकेही आहेत. मळमळ होते, झोप बिघडते, कामेच्छा मंदावते. पंचविशीच्या आतील कित्येकांच्या मनात आरंभी आत्मघाताचे विचार वाढू शकतात. म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवावे. पूर्वी कधी उन्माद झाला असल्यास डॉक्टरास अवश्य सांगावे. गोळी एकाएकी सोडिल्यास चक्कर व बेचैनी येते, आणि दुखणे उलटते. ती डॉक्टराच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करावी.

यास्तव, उपदेशक बंधूंनो, “विश्वास असेल तर गोळी टाक,” असे कोणास सांगू नका. असे सांगणारा दुसऱ्याच्या जिवावर आपला विश्वास मिरवितो. तसेच, गोळी चालू झाली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असेही मानू नका. गोळीने सावकाराचे कर्ज फिटत नाही, दारुड्या नवऱ्याचा मार चुकत नाही, विधवेचे एकटेपण सरत नाही. ते ओझे मंडळीने वाहावयाचे आहे.

कोणी मरणाची भाषा बोलू लागल्यास त्यास एकटे सोडू नका. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो. त्यास दवाखान्यात घेऊन जा, आणि वाटेत त्याच्यासाठी प्रार्थना करा. या दोहोंत विरोध नाही.