ओढ आणि आवड

मनुष्याची दृष्टी ज्या वस्तूवर खिळते ती त्यास आवडते, असे म्हणता येईल काय? हा प्रश्न वरवर पाहता पंडितांचा दिसतो. परंतु नागपूरच्या दक्षिणेस वर्धा रस्त्यावर असलेल्या बुटीबोरी येथील भाड्याच्या खोल्यांतून तो हल्ली रोज रात्री उपस्थित होत असतो. औद्योगिक वसाहतीतील तरुण पाळी संपवून येतात, जेवतात, आणि एका खोलीत चौघे असले तर चौघांच्या हाती चार मोबाईल दिसतात. एक हसतो तेव्हा दुसरा गंभीर असतो. सन २०१६ च्या सप्टेंबरात जिओचा स्वस्त डेटा आल्यापासून हे चित्र खेडोपाडीही नवे राहिलेले नाही.

ह्यावरून पिढी बिघडली असा निकाल देणारे वडीलधारे पुष्कळ आहेत. आमच्याने तो देववत नाही. बिहारातून आलेला मजूर दिवसभर परक्या भाषेत हुकूम ऐकतो. रात्री त्यास आपली भोजपुरी गाणी ऐकावयास मिळाली तर त्यात वाईट काय? रात्रपाळी करणाऱ्यास तर कोणत्याच खेळाची वेळ साधत नाही. शिवाय जुनी करमणूक सोवळी होती असेही नाही. आमच्या नागपूर-भंडाऱ्याकडील खडी गंमत ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे सांगावयास नको.

भेद दुसऱ्या ठिकाणी आहे. खडी गंमतीत शाहीर व नाच्या लोकांच्या घोळक्यातच उभे असत. थट्टा फार पुढे गेली की कोणाचा चेहरा उतरला हे त्यांस दिसे, आणि शेजारी काका बसले आहेत हे पाहणाराही विसरत नसे. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीची नाटके आजही दिवाळीनंतरच्या हंगामात रात्रभर चालतात. वडसा येथील नाटक कंपन्या गावोगाव जातात. लोक आधी ठरवून, तिकीट काढून, घरच्यांस घेऊन बसतात. खेळ मनास आला नाही तर कोणास जाब विचारावा हे गावास ठाऊक असते.

मोबाईलवरील रील कोणी माणूस निवडून आपल्यापुढे मांडीत नाही. आपण कोठे थांबलो, किती क्षण थांबलो, पुन्हा पाहिले काय, कोणास पाठविले काय, याची नोंद यंत्र ठेवते व त्याच जातीचे आणखी पुढे करते. कारण आपण जितका वेळ पाहू तितक्या अधिक जाहिराती दाखविता येतात. फुकट करमणुकीचे मोल ते हेच. आता, महामार्गावर अपघात झाला की येणारेजाणारे थांबून पाहतात. भला मनुष्यही पाहतो. म्हणून त्यास अपघात आवडतात, सबब रोज दहा दाखवावे, असे कोणी म्हणेल काय? यंत्राचा तर्क मात्र असाच चालतो. भांडण, दुसऱ्याची फजिती, उघडे अंग यांची ओढ कोणास नसते? परंतु ओढ असूनही जे नको असे आपण ठरवितो, ते थांबलेल्या बोटास सांगता येत नाही.

मग जबाबदार कोण? रील करणारा म्हणतो, लोक पाहतात म्हणून मी करितो. कंपनी म्हणते, ज्यास जे हवे ते आम्ही पुरवितो. पाहणारा म्हणतो, ते आपोआप समोर आले. तिघांचेही म्हणणे थोडथोडे खरे आहे, आणि अडचण तीच आहे. आमच्या मते पाहणाऱ्याचा वाटा सर्वांत लहान. तरी तो शून्य नव्हे. नाव लिहून एखादे गाणे वा नाटक शोधून पाहणे ही एक क्रिया आहे. येईल ते पाहत अंगठा सरकवीत राहणे ही निराळी.

करणाऱ्यांची स्थितीही फारशी हेवा करण्याजोगी नाही. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली, तेव्हा खेड्यांतील कित्येक हौशी नटांनी तेथे जमविलेला प्रेक्षक एकाएकी नाहीसा झाला. बंदी योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. झाडीपट्टीच्या नटास आपले प्रेक्षक कोणत्या गावी राहतात हे तरी ठाऊक असते.

क्रिकेटचा सामना असला की मात्र बुटीबोरीच्या त्याच खोल्यांत तीन मोबाईल बाजूस पडतात व चौथा पाण्याच्या डब्यास टेकवून उभा केला जातो. मग पंचाच्या निर्णयावरून वाद होतो, आणि बिहारच्या पोरास वऱ्हाडी थट्टा कळू लागते ती तेव्हाच.