सरासरीचा शनी

माणसाच्या मागे शनी लागतो, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. शनीच्या मागे माणूस लागल्याचं उदाहरण मात्र मी आमच्या घरातच पाहतो आहे. 21 डिसेंबर 2020 च्या संध्याकाळी गुरू आणि शनी आकाशात इतके जवळ आले, की दोघांमध्ये चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या हिश्श्याएवढीच फट राहिली. ती फट आमच्या चिरंजिवांनी पाहिली. दुसऱ्या वर्षी घरात पाच इंची आरशाची दुर्बीण आली, तिच्यामागून कॅमेरा आला, कॅमेऱ्यामागून लॅपटॉप आला आणि लॅपटॉपमागून एक नैतिक प्रश्न आला. पहिल्या तिघांचे हप्ते फिटले. चौथ्याचे अजून चालू आहेत.

प्रश्न असा, की दुर्बिणीतून काढलेला फोटो खरा असतो का?

तुम्ही म्हणाल, फोटो खोटा कसा असेल? ज्यांना असं वाटतं त्यांनी आपलं आधार कार्ड एकदा नीट निरखून पाहावं. पण तो वेगळा विषय झाला.

शनीचा फोटो काढायचा म्हणजे आधी दुर्बिणीच्या ज्या सव्वा इंची भोकाला डोळा लावायचा, तिथली भिंगाची नळी काढून टाकायची आणि तिथे कॅमेरा खोचायचा. मग त्याच्या वायरीला लॅपटॉप जोडायचा आणि दोन-चार मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा. जास्त वेळ घ्यायचा नाही, कारण शनी साडेदहा तासांत स्वतःभोवती गिरकी घेतो. गुरू तर दहासुद्धा लावत नाही. उशीर झाला की त्यांच्या अंगावरचे पट्टे फरफटतात. एवढ्या वेळात हजारो फ्रेमा मिळतात आणि त्यातली एकही धड नसते. मधली हवा हलत असते, गच्चीच्या फरशा दिवसभराचं ऊन परत करत असतात आणि शनी तळ्याच्या तळाशी पडलेल्या चार आण्यासारखा लपलपत असतो. मग सॉफ्टवेअर त्या पाच हजार फ्रेमांतून बऱ्यातल्या बऱ्या पाचशे निवडतं, एकावर एक बरोबर बसवतं, त्यांची सरासरी काढतं, आणि अचानक कडी, कड्यातली काळी फट, अंगावरचे पट्टे असा नटूनथटून शनी हजर होतो.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्यातला कारकून जागा झाला. पाच हजारांतल्या साडेचार हजार नोंदी गाळल्या? चांगल्या दिसत नव्हत्या म्हणून? मी बँकेत काउंटरवर बसतो. आमच्याकडे चुकलेली नोंदसुद्धा पुसता येत नाही. तिची उलटी नोंद करावी लागते आणि दोन्ही शेजारी शेजारी कायमच्या दिसत राहतात. ताळेबंद देखणा व्हावा म्हणून मी नव्वद टक्के नोंदी उडवल्या, तर ऑडिटर माझा फोटो काढतील, आणि तो एकाच फ्रेममध्ये.

पण मी बी. कॉम. आहे. स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात सरासरीवर मी पाच पानं लिहिलेली आहेत. एका मापात योगायोगानं शिरलेली चूक अनेक मापांच्या सरासरीत विरत जाते. शंभर मापं घेतली तर ती दहा पट कमी होते, दहा हजार घेतली तर शंभर पट. फोटोतली खरखर ह्याच हिशेबानं जाते. म्हणजे गंमत अशी, की चिरंजिवांचा शनी कुठल्याही एका क्षणी, कोणालाही, तसा दिसलेला नसतो. तरीही ज्या पाचशे क्षणी तो खरोखर दिसला, त्या प्रत्येक क्षणापेक्षा तो अधिक खरा असतो. 'सरासरी ग्राहक' आमच्या बँकेत आजवर एकदाही आलेला नाही, पण आमची सगळी कामं त्याच्यावरच बेतलेली असतात. तसंच हे.

बरं, यंत्राला नावं ठेवावीत तर डोळा तरी कुठे भरवशाचा आहे? 1877 साली इटलीच्या शियापरेल्लींना मंगळावर रेघा दिसल्या. मग अमेरिकेत पर्सिव्हल लोवेल ह्या श्रीमंत गृहस्थांनी त्यासाठी खास वेधशाळाच बांधली, रेघांचे कालवे केले, कालवे खणणारे मंगळवासी केले आणि 1895 साली त्यावर पुस्तकही काढलं. हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, प्रामाणिकपणे. 1965 साली मरिनर-4 हे यान मंगळाजवळून गेलं आणि त्यानं जे फोटो पाठवले त्यात खड्डे निघाले. पाटबंधारे खात्याचं काम आणि जागेवर खड्डे, ही गोष्ट आपल्याला नवी नसली तरी लोवेलसाहेबांच्या बाबतीत तो दोष कंत्राटदाराचा नव्हता. त्यांनी डोळ्यावर विश्वास ठेवला, इतकंच.

उलट, डोळ्याला मुळीच न दिसणारं खरं असतं ते वेगळंच. 1883 साली इंग्लंडमधल्या कॉमन नावाच्या हौशी गृहस्थांनी (नाव कॉमन, पण काम बघा!) मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो काढला. काच बराच वेळ उघडी ठेवल्यामुळे त्यात कोणाच्याही डोळ्याला न दिसलेले तारे उमटले. डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. रोजचा पगार रोज उडवणाऱ्या माणसासारखा त्याचा कारभार. फोटोची काच मात्र कणाकणानं ठेव जमवते. शिवाय अंधारात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत, म्हणून दुर्बिणीतून तो मेघ राखाडी धुरासारखा दिसतो आणि फोटोत गुलाबी येतो. मग तो गुलाबी आहे की राखाडी? 1995 साली हबल दुर्बिणीनं काढलेले ते प्रसिद्ध धुळीचे खांब तुम्ही पाहिले असतील. त्यात हायड्रोजनला हिरवा रंग दिलेला आहे. प्रत्यक्षात त्याचा तो प्रकाश लाल असतो. ही फसवणूक म्हणावी, तर शाळेतल्या नकाशात गुजरात पिवळा आणि महाराष्ट्र गुलाबी दाखवणाऱ्यांवरही खटला भरावा लागेल. काय कशासाठी रंगवलं, हे सांगितलेलं असलं की झालं.

सांगितलेलं नसतं तिथे खरी गोम आहे. 2023 साली एका वापरकर्त्यानं चंद्राचा फोटो मुद्दाम धुरकट करून कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावला, खोली अंधारी केली आणि एका बड्या कंपनीच्या मोबाईलनं लांबून त्या पडद्याचा फोटो काढला. पडद्यावर जे खड्डे नव्हतेच, ते मोबाईलनं काढलेल्या चंद्रावर उगवले! मोबाईलला चंद्र पाठ होता. त्यानं बघून काढला नाही, आठवून काढला. परीक्षेत ह्याला काय म्हणतात ते आपण जाणतोच.

तेव्हा बरंच डोकं खाजवून मी घरात असा निवाडा दिला: गाळायला हरकत नाही, घालायला आहे. आणि गाळलेलं जपून ठेवलं पाहिजे. मूळ व्हिडिओ हे व्हाउचर. ते फाडायचं नाही. किती फ्रेमा घेतल्या, किती ठेवल्या, हे फोटोखाली लिहायचं. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आमच्यातले सगळे लिहितातच." मला जरा हिरमुसल्यासारखं झालं, पण निवाडा कायम ठेवला.

एक गोष्ट मात्र ह्या निवाड्यात बसेना. गेल्या दोन वर्षांत चिरंजिवांनी दुर्बिणीला स्वतःचा डोळा लावलेला मी पाहिला नव्हता. लावणार कुठे? डोळ्याच्या जागी कॅमेरा. गच्चीवर शनी उगवलेला असायचा आणि हे त्याच्याकडे पाठ करून लॅपटॉपकडे बघत बसलेले. 2023 ते 2025 ह्या वर्षांत तर शनी पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला तो ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे आपल्या ऐन पावसात, त्यामुळे मिळेल त्या रात्री कॅमेराच पुढे.

6 ऑक्टोबर 2025 ला कोजागिरी होती. सोसायटी गच्चीवर, दूध शेगडीवर, आणि आकाशात पूर्ण चंद्राच्या जवळच शनी. वरच्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, "तो शनी म्हणतात तो दिसेल का रे ह्यातून?" आजींनी आयुष्यभर शनिवारी मारुतीला तेल घातलेलं, शनिमाहात्म्य वाचलेलं, पण स्वारीची प्रत्यक्ष भेट कधी नव्हती. चिरंजिवांनी लॅपटॉप वळवला. आजी म्हणाल्या, "टीव्ही नको. त्यातून दाखव."

कॅमेरा निघाला, भिंगाची नळी बसली. पण आजी पुढे होईनात. "समोर उभं राहू नये त्याच्या. नजर घेऊ नये."

"आजी, ह्या दुर्बिणीत समोरून बघतच नाहीत. बाजूनं बघायचं असतं."

ही सोय न्यूटननं 1668 सालीच करून ठेवली आहे. आजींनी कड करून डोळा लावला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

"पळतोय की हा!"

"तो नाही पळत, आपण पळतोय. पृथ्वी फिरते ना."

"आत्ता आहे का तो तिथे? असाच?"

चिरंजीव खरं बोलणारे. "आत्ताचा नाही. 71 मिनिटांपूर्वीचा. प्रकाशाला यायला तेवढा वेळ लागतो."

"म्हणजे मी जेवत होते तेव्हाचा," आजी म्हणाल्या आणि हात जोडले.

मग चिरंजिवांनी आपला 2021 सालचा उत्तम फोटो दाखवला. ऐसपैस कडी, पट्टे, सगळं. आजींनी चष्मा सारखा करून पाहिला. "छान आहे. पण मी बघितला तो हडकुळा होता. मोत्याला सुई टोचल्यासारखा." हे बरोबर होतं. मार्च 2025 मध्ये कडी आपल्याला अगदी कडेनं दिसू लागली होती आणि ऑक्टोबरातही ती जेमतेम कललेली होती.

"मग आजचा काढून देतो. मोठा करून, फ्रेम करून."

"नको रे बाबा. शनीचा फोटो घरात ठेवत नाहीत. बघितला, झालं." आणि आजी दुधाकडे गेल्या.

माझा सगळा निवाडा, व्हाउचरं, गाळणं-घालणं, हातातच राहिलं. इकडे दुर्बिणीमागे रांग लागली. पहिल्यांदा लहान मुलं, मग त्यांच्या आया, मग आमची सौ., जिला चार वर्षांत कोणी बोलावलं नव्हतं. चिरंजीव कॅमेरा खिशात घालून मुकाट्यानं रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांच्या पुढे सेक्रेटरी होते, आणि सेक्रेटरी काही लवकर बाजूला होणार नव्हते, कारण समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या ह्यातून दिसतात की काय, ही सोसायटीच्या दृष्टीनं महत्त्वाची बाब त्यांना आधी तपासायची होती.